द्राक्षमळ्याची वाट आणि अंबरनाथचीं शिल्पें

द्राक्षाची वेल आणि दगडाची मूर्ति यांचा परस्परांशीं संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येणें साहजिक आहे. एक कोवळी, दरसाल छाटली जाणारी व दरसाल नव्यानें फुटणारी. दुसरी कठीण, एकदां घडली कीं शतकानुशतकें जागची न हालणारी. तथापि प्रवासाचा एक नवाच प्रकार अलीकडे रूढ झाला आहे व त्यांत या दोन वस्तु एकत्र आलेल्या दिसतात. द्राक्षमळा, त्याला लागून द्राक्षासवाचा कारखाना, ज्याला आतां सगळीकडे ‘वायनरी’ म्हणतात, आणि त्याच आवारांत मोकळ्या आकाशाखालीं मांडलेलीं शिल्पें, असें या स्थळांचें स्वरूप असतें. फ्रान्सच्या दक्षिणेस एक्स-आं-प्रोव्हान्स शहराजवळ ‘शातो ला कोस्त’ नांवाचा असा एक मळा आहे. २०११ सालापासून तो प्रवाशांस खुला झाला. जपानचे वास्तुविशारद तादाओ आंदो यांनीं तेथें कलाकेंद्र बांधलें आहे. त्यासमोरच्या उथळ पाण्यावर लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्त्रीनें घडविलेला एक प्रचंड कोळी पाय पसरून बसला आहे. आणि वेलींच्या रांगांमधून व झाडींतून गेलेल्या पायवाटेनें एकेक शिल्प पाहात प्रवासी फिरत असतो. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांतहि अशीच व्यवस्था असलेला ‘डोनम’ नांवाचा मळा आहे.

यांत व्यापाराची दृष्टि नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. जो पाहुणा दोन घटका रेंगाळला तो जातांना दोन बाटल्या घेऊन जातो, हें दुकानदारीचें साधें गणित आहे. परंतु या जोडीमागें याहून खोल असें एक कारण आहे. द्राक्षासव काय, शिल्प काय, दोहोंची ओळख घाईनें होत नाहीं. पेला एका घोटांत रिकामा करणाऱ्यास द्राक्षाची जात कळत नाहीं, आणि मूर्तीसमोर उभें राहून स्वतःचें छायाचित्र काढून निघणाऱ्यास मूर्ति दिसत नाहीं. दोन्ही ठिकाणीं इंद्रियांना थोडें शिक्षण द्यावें लागतें.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांतील कितीतरी कुटुंबें आतां शनिवार-रविवार गांठून नाशिकचे द्राक्षमळे पाहावयास जातात. त्यांच्या गांवीं द्राक्षाची वेल नाहीं, ती होणेंहि कठीण. तेव्हां ती पाहण्यास घाट चढून जाणें योग्यच आहे. मात्र त्या सहलीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे उघड्यावरचीं शिल्पें, त्यांच्या दाराशींच उभा आहे, व तो साडेनऊशें वर्षांहून अधिक जुना आहे. म्हणून नाशिकची वाट धरण्यापूर्वीं एक सकाळ अंबरनाथच्या शिवमंदिरांत घालवावी. तेथें जें पाहण्यास शिकावें, तेंच पुढें मळ्यांत व सिन्नरच्या देवळांत कामास येतें.

या प्रदेशाचा द्राक्षासवाशीं संबंध मुळीं नवा नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली; तो ग्रंथ ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत अंबरनाथपासून अगदीं जवळ असलेल्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत भडोच बंदरीं परदेशांतून कोणता माल उतरे याची यादी दिली असून तींत द्राक्षासव आहे. इटलीच्या आसवास तेथें विशेष मागणी असे, असेंहि नमूद आहे. हें आसव उंच, दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून येई. तशा कुंभांचीं खापरें घारापुरीस व नेवाशास सांपडलीं आहेत. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडांत १९४४-४५ च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा जो सांठा मिळाला, त्यांत तर समुद्रदेव पोसायडन याची लहानशी सुबक मूर्ति आणि आसव ओतण्याची सुरई या दोन्ही वस्तु होत्या. मद्य व मूर्ति या दोघांनीं एकाच गलबतांतून प्रवास करून महाराष्ट्रांत यावें, यापरतें या विषयाचें बोलकें उदाहरण दुसरें कोणतें असणार?

आतां अंबरनाथच्या मंदिराकडे वळूं. उत्तर कोंकणांत शिलाहार राजे राज्य करीत असतां तें उभें राहिलें. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. उत्तरेकडील दाराच्या आंतील बाजूस तुळईवर कोरलेला लेख मुम्मुणीच्या वेळचा आहे. या लेखाची एक कथा आहे. विद्वान डॉक्टर भाऊ दाजी यांनीं तो प्रथम वाचला तेव्हां त्यांस शकाचा आंकडा ७८२ असा दिसला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो पुन्हां तपासून ९८२ ठरविला. झिजलेल्या दगडावरील एका आंकड्यानें मंदिराचें वय दोनशें वर्षांनीं बदललें. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. तीच तिथि आज सर्वमान्य आहे. एकदां पाहून समाधान न मानतां पुन्हां पाहणें म्हणजे काय, याचा हा उत्तम धडा होय.

मंदिर काळ्या बसाल्ट दगडाचें असून त्याचें तोंड पश्चिमेस आहे. पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंस मुखमंडप आहेत, आणि पुढें एकाच्या जागीं दोन नंदी बसले आहेत. प्रवाशानें आल्याबरोबर आंत शिरूं नये. प्रथम बाहेरून, उजवा हात भिंतीकडे ठेवून, सावकाश एक प्रदक्षिणा घालावी; आणि ती शक्य तर सकाळीं कोंवळ्या उन्हांत किंवा चार वाजल्यानंतर घालावी. दुपारच्या डोक्यावरील उन्हांत कोरीव काम सपाट दिसतें. तिरप्या उन्हांत मूर्तीच्या बोटांच्या व अलंकारांच्या सांवल्या पडतात आणि दगड जिवंत होतो. कारागिरानें छिन्नी धरली ती या उजेड-सांवलीचा हिशेब करूनच.

भिंतीचें वैशिष्ट्य असें कीं ती सरळ नाहीं. ती पायरीपायरीनें आंतबाहेर जाते, त्यामुळें तिला असंख्य कोपरे पडले आहेत, आणि प्रत्येक कोपरा मूर्तीसाठीं एक नवी चौकट होतो. सपाट भिंतीवर दहा मूर्ति बसतील तेथें या भिंतीवर तीस बसतात, व चालणाऱ्यास प्रत्येक पावलागणिक नवें दृश्य समोर येतें. तळाशीं हत्तींची रांग आहे; जणूं सगळ्या देवालयाचा भार त्यांनीं पाठीवर घेतला आहे. त्यावर माणसांचे पट्टे. मग देव, देवी, सुरसुंदरी. शंकराचीं अनेक रूपें येथें एका भिंतीवर वाचावयास मिळतात. तो नटेश होऊन नाचतो, गजासुराचें कातडें पांघरून उग्र होतो, आणि विवाहप्रसंगीं पार्वतीचा हात हातीं घेऊन सौम्यहि होतो. हाडांचा सांपळा झालेली चामुंडा आहे. हरि, हर, ब्रह्मा आणि सूर्य या चौघांचें एकाच मूर्तींत मीलन केलेलें शिल्पहि आहे. चार पंथांचे लोक भांडत बसण्याऐवजीं एका दगडांत नांदले, असा त्याचा अर्थ घेण्यास हरकत नाहीं.

सभामंडपांत चार नक्षीदार खांब मधल्या घुमटाकार छताचा भार पेलतात. तेथून गाभाऱ्यांत जावयाचें तें वर चढून नव्हे, तर सुमारें वीस पायऱ्या उतरून. खालीं अंधारांत शिवलिंग आहे आणि मान वर केली तर एकदम आकाश दिसतें. कारण शिखराचा वरचा भाग आज नाहीं. या शिखराची धाटणी ‘भूमिज’ नांवाची. तींत शिखराच्या चार मुखांवरून खालून वर उभ्या पट्ट्या गेलेल्या असतात, आणि दोन पट्ट्यांच्या मध्यें लहान लहान शिखरें माळेंतील मण्यांप्रमाणें एकावर एक रचलेलीं असतात. वर जावें तसे मणी बारीक होत जातात. या धाटणीच्या अगदीं आरंभींच्या मंदिरांत अंबरनाथची गणना होते. येथें माळेचे खालचे मणी तेवढे शिल्लक आहेत. वरचे कसे असतील याची कल्पना प्रेक्षकानें मनांत बांधून ठेवावी. तिचा पडताळा पुढें याच प्रवासांत पाहावयाचा आहे.

ही पूर्वतयारी झाली म्हणजे कल्याणास गाडी बदलून नाशिकची वाट धरावी. कसाऱ्यानंतर थळघाट लागतो. दर ३७ फुटांस एक फूट चढ, म्हणून मागून जादा एंजिनें लावून गाडी वर ढकलावी लागते. इगतपुरीस पोंचेपर्यंत प्रवासी समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आलेला असतो. कोंकणपट्टींत वर्षास अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि नाशिकच्या वाट्यास सात-आठशें मिलिमीटरच येतो. वेलीला मुळाशीं पाणी हवें, पण पानांवर व घडांवर सततचा ओलावा नको. त्यानें भुरी, केवडा इत्यादि रोग पडतात. म्हणून अंबरनाथला न होणारें द्राक्ष जेमतेम दीडशें किलोमीटरांवर होतें. घाटाच्या खालचा व वरचा खडक मात्र एकच. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जो लाव्हा पसरला त्याचाच हा थर. खालीं शिलाहारांच्या कारागिरांनीं त्याचे चिरे काढून देव घडविले; वर ऊन, वारा व पाऊस यांनीं तोच झिजवून त्याची माती केली आणि शेतकऱ्यानें तींत वेल लावली. शिल्प व आसव हीं एकाच काळ्या दगडाचीं दोन रूपें आहेत, असें म्हटल्यास ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाहीं.

महाराष्ट्रांत या उद्योगाचा नवा आरंभ १९८० नंतर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवीं झाला. शामराव चौगुले यांनीं तेथें फ्रेंच पद्धतीनें फेसाळ वाइन तयार करविली. नाशिकला राजीव सामंत यांनीं १९९० नंतरच्या दशकांत गंगापूर धरणाच्या बाजूस वाइनच्या जातींचीं द्राक्षें लाविलीं. आई सुलभा यांच्या नांवावरून त्यांनीं मळ्याचें नांव ‘सुला’ ठेविलें. २००० सालीं त्यांची पहिली वाइन निघाली, व २००५ सालीं पाहुण्यांस बसून चाखतां येईल अशी खोली उघडली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केल्यावर आणखी अनेक कारखाने उभे राहिले.

मळ्यांतहि मंदिराप्रमाणेंच आधीं बाहेरून फेरी मारावी. वाइनचें द्राक्ष बाजारांतील खाण्याच्या द्राक्षासारखें लांबट, टपोरें व बिनबियांचें नसतें. तें लहान, गोल, जाड सालीचें व बियांचें असतें. कारण रंग, वास व तुरटपणा हीं सालींत असतात, आणि फळ जितकें लहान तितकें रसाच्या मानानें सालीचें प्रमाण अधिक. येथें वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलमध्यें खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करावयाच्या, व पावसाळा सरल्यावर फळछाटणी करून त्या काड्यांवर घड धरावयाचे. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ. मळा पाहण्यास तोच उत्तम. युरोपांत हिवाळा वेलीला आपोआप झोंपवितो. येथें तें काम माळ्याच्या कात्रीला करावें लागतें.

आंत शिरल्यावर पोलादाच्या उंच टांक्या दिसतात. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें दाबून सालीपासून रस लागलीच वेगळा करतात आणि थंड टांकींत, पंधरा अंशांच्या आसपास, सावकाश आंबवितात. तांबडीसाठीं रस व साली एकत्र ठेवून अधिक उष्णतेवर आंबवितात, म्हणजे सालीचा रंग रसांत उतरतो. किण्व, म्हणजे यीस्ट, रसांतील साखर खाऊन तिचें मद्यार्क व कर्बवायु यांत रूपांतर करतें. साखर किती होती त्यावर मद्यार्क किती होणार हें ठरतें. तें साधारणतः शेंकडा १२ ते १४ असतें. कांहीं तांबड्या वाइन पुढें ओक लांकडाच्या पिंपांत महिनोन् महिने मुरवितात. सणासुदीच्या दिवसांत पाहुण्यांना टबांत द्राक्षें तुडविण्यास देतात ती केवळ गंमत. विक्रीची वाइन तशी होत नाहीं.

चाखण्याची रीत प्रदक्षिणेइतकीच शिस्तीची आहे. पेल्यांत दोन बोटें वाइन घेऊन ती प्रथम पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा. मग पेला हळूच फिरवून वास घ्यावा. नंतर लहानसा घोट तोंडांत घोळवावा. जाणते लोक तो गिळीतहि नाहींत, जवळ ठेवलेल्या भांड्यांत टाकतात. त्यांना चव समजून घ्यावयाची असते, कैफ नव्हे. या राज्याचा मूळ कायदा १९४९ सालचा दारूबंदीचा आहे व आजहि वाइन पिण्यास वयाचीं २१ वर्षें पुरीं लागतात, याची आठवण कुटुंब घेऊन जाणाऱ्यांस असावी. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनींहि मळा टाळण्याचें कारण नाहीं. छाटणी, तोडणी, टांक्या व पिंपें हें सारें न पितांहि समजतें. जो पितो त्यानें गाडी चालवूं नये, हें तर सांगावयास नकोच.

नाशिकहून पुण्याच्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटरांवर सिन्नर आहे. यादवांची ही आरंभींची राजधानी. येथील गोंदेश्वराचें मंदिर साधारण बाराव्या शतकांतील. मध्यें शंकराचें मुख्य देवालय आणि चार कोपऱ्यांत विष्णु, गणपति, पार्वती व सूर्य यांचीं लहान देवळें, अशी पंचायतनाची रचना एकाच जोत्यावर केलेली आहे. अंबरनाथहून आलेल्या प्रवाशानें येथें येतांच मान वर करावी. शिखर तेंच, भूमिज. तीच उभी पट्टी, त्याच मण्यांच्या माळा. पण येथें तें वरपर्यंत उभें आहे. खालीं अंबरनाथला जी कल्पना मनांत बांधली होती, ती येथें प्रत्यक्ष डोळ्यांसमोर येते. अंबरनाथला भिंतीची श्रीमंती अधिक, सिन्नरला शिखराची पूर्णता अधिक. दोन्ही पाहिलीं म्हणजे एक संपूर्ण मंदिर पाहिल्यासारखें होतें. मोकळें आवार, कडेला गवत, आणि मधोमध पांच देवळांचा समूह. शिल्पोद्यान म्हणतात तें याहून निराळें काय असतें?

एवढी ओळख झाल्यावर घरीं परतलेल्या प्रवाशास एक गोष्ट टोंचल्याशिवाय राहात नाहीं. मळ्यांतील शिल्पास मालक असतो. त्यावर पक्ष्याची विष्ठा पडली तर माळी धुतो. कोणी त्यावर नांव कोरूं लागला तर रखवालदार हात धरतो. अंबरनाथच्या शिल्पांचें काय? कायद्यानें पाहिलें तर तें राष्ट्रीय महत्त्वाचें संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व त्यांतील २०१० ची दुरुस्ती यांप्रमाणें अशा स्मारकाभोंवतीं १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. १८६८ सालींच मुंबई सरकारनें पथक पाठवून या मंदिराचीं रेखाचित्रें, छायाचित्रें व शिल्पांचे साचे करविले होते. म्हणजे कागदावर त्याची काळजी दीडशें वर्षांहून अधिक काळ वाहिली जात आहे.

परंतु कायद्याची रेघ नदीच्या पाण्यावर ओढतां येत नाहीं. मंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगर व कल्याणकडे जाते. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासित आले; ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. त्या माणसांनीं रिकाम्या हातांनीं उद्योग उभे केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. अंबरनाथ-बदलापूरलाहि कारखाने आले, व हजारों घरांच्या चुली त्यांवर पेटल्या. मात्र कारखान्यांचें व वस्त्यांचें सांडपाणी ज्या ओढ्यानें वाहून नेलें तो ओढा म्हणजेच वालधुनी. २०१४ च्या नोव्हेंबरांत उल्हासनगरला या नदींत ओतलेल्या रासायनिक द्रव्यांतून विषारी वायु सुटला व शेंकडों माणसांस रुग्णालयांत न्यावें लागलें. जी हवा माणसाच्या छातीस बाधते ती दगडास सोडील, असें मानणें भाबडेपणाचें होईल. बसाल्ट कठीण खरा, पण आम्लयुक्त ओलावा त्याचाहि पृष्ठभाग खातो. आणि मूर्तीचा चेहरा हा पृष्ठभागावरच असतो. पाव इंच दगड गेला तर भिंत पडत नाहीं, पण नटेशाचें हास्य जातें.

येथें सामान्य गृहस्थाच्या हातीं काय आहे? पुष्कळ आहे. मूर्तींस तेल, शेंदूर वा रंग लावूं नये, त्यांवर हात फिरवूं नये. महाशिवरात्रीच्या मोठ्या यात्रेंत निर्माल्य व प्लास्टिक नदींत टाकूं नये. शंभर मीटरांच्या आंत भिंत चढतांना दिसली तर पुरातत्त्व खात्यास व नगरपालिकेस लिहावें. वालधुनींत रात्रीं टँकर रिता होतांना दिसला तर गप्प बसूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें, मुलांस घेऊन वर्षांतून एकदां तरी ती प्रदक्षिणा सावकाश घालावी. ज्या घरांतील मुलास गजासुराची गोष्ट भिंतीवर बोट न लावतां दाखवितां येते, त्या घरास रखवालदाराची गरज लागत नाहीं.

द्राक्षाची वेल वाळली तर दुसरी लावतां येते. तीन-चार वर्षांत ती पुन्हां फळास येते. शके ९८२ मध्यें कोरलेला चेहरा पुसला गेला तर तो पुन्हां लावण्याची सोय कोणत्याहि मळ्यांत नाहीं. नाशिकचा मळा अवश्य पाहावा, तेथील कष्टांचें कौतुक करावें. पण पाहण्याची जी रीत तेथें पैसे देऊन शिकावयास मिळते, ती घरीं परत आल्यावर वालधुनीच्या काठींहि चालू ठेवावी. तेथें तिची गरज अधिक आहे.